दोन गावांचे रविवार

आमच्या घरी रविवारी कुणी उशिरा उठत नाही. जेजुरीत गडाच्या पायथ्याशी आमचं भंडार-खोबऱ्याचं दुकान आहे आणि रविवार हा खंडोबाचा वार. पहाटे चारला पप्पा शटर वर करतात. त्याच्या आधी आईनं एक हाक मारलेली असते, "आज रविवार आहे!" एवढंच. त्यात ऊठ, आवर, खोबऱ्याच्या वाट्या फोडायच्या राहिल्यात, भंडाऱ्याच्या पुड्या कमी पडतील, हे सगळं आलं. शाळेत असताना सोमवारी माझे तळहात पिवळे असायचे. बाई न विचारताच समजायच्या की काल दुकानात गर्दी होती.

म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी रविवारची सुट्टी पाहिली नव्हती. पुण्यात समाजशास्त्राच्या एम.ए.ला असतानाही शनिवारी संध्याकाळी एसटी पकडून घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. मग एका सत्रासाठी एक्स्चेंजवर जर्मनीत, ग्योटिंगनला जायचं ठरलं. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे कोर्स केले होते, त्यामुळे भाषेची भीती कमी होती. थंडीची होती. जेवणाची होती. रविवारची भीती बाळगावी हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी पोचले तो शनिवार होता, २८ सप्टेंबर. फ्रँकफर्टहून रेल्वेनं पावणेदोन तास. घर स्टेशनपासून चालत पंचवीस मिनिटांवर, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम आणि चौघं भाडेकरू. असं घर वाटून राहण्याला तिथं 'वे-गे' म्हणतात. जर्मनीतल्याच हिल्डेसहाइमची एक मुलगी, कोलंबियाचा एक मुलगा, जॉर्जिया देशातली एक मुलगी आणि मी. त्या रात्री तिघंही बाहेर होते. किल्ली शेजारच्यांकडे ठेवली होती. मी दार उघडलं, बॅग ठेवली आणि झोपले. सकाळी उठून दूध, ब्रेड, तांदूळ घेऊन येऊ असं मनात होतं.

सकाळी नऊला खाली उतरले. पहिलं दुकान बंद. दुसरं बंद. भाजीचं बंद, औषधाचं बंद, कपड्यांचं बंद. काचेतून माल दिसतोय, दिवे लागलेले आहेत, आत माणूस नाही. रस्त्यावरही नाही. सायकलवरून एक बाई गेली, तिच्या सायकलच्या साखळीचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. साधारण दहाला चर्चची घंटा वाजली आणि थांबली. ती थांबल्यावर जी शांतता झाली ती माझ्या कानांना सोसवेना. कान दाबल्यासारखे झाले होते, घाटात होतात तसे.

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. आपल्याकडे दीड वाजला होता, म्हणजे दुकानात ऐन गर्दी. त्यांच्यामागून हलगी ऐकू येत होती, "येळकोट येळकोट जय मल्हार" ऐकू येत होतं, कुणीतरी "पाव किलो खोबरं द्या हो" म्हणत होतं. मी म्हटलं, "पप्पा, इथं सगळं बंद आहे." ते म्हणाले, "का? बंद पुकारलाय का? कोण गेलं?" मी म्हटलं, रविवार आहे म्हणून. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "रविवारीच बंद?" मग गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायला त्यांनी फोन ठेवला.

मी स्टेशनवर परत गेले. स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात, हे मला एका सफाई कामगारानं सांगितलं. दोन पाव आणि पाण्याची बाटली घेतली आणि फलाटाजवळच्या बाकावर बसून खाल्ली. त्या दिवशी मी तीन तास स्टेशनातच बसून राहिले. गाड्या येत-जात होत्या, घोषणा होत होत्या, माणसं बॅगा ओढत होती. आवाज होता. त्यासाठी बसले होते.

पुढच्या आठवड्यात कामांची रांगच लागली. राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. ती घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची. तिचा कागद मिळाल्याशिवाय माझं बँकेचं खातं अडलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी वेळ घ्यायची, तिला टर्मीन. घरपट रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिना १८ युरो ३६ सेंट, ते चौघांत वाटून प्रत्येकी ४ युरो ५९. पाण्याची रिकामी बाटली मशीनमध्ये परत केली की २५ सेंट मिळतात. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागद, प्लास्टिकची वेष्टणं, ओला, उरलेला. काच बाहेर चौकातल्या मोठ्या पिंपात, तीही पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी. हे सगळं मी चार-पाच दिवसांत शिकले. विद्यापीठातले तास काही ठिकाणी सव्वादहाला सुरू होतात आणि वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं, पुढे छोटी अक्षरं असतात, तीसुद्धा समजली. या गोष्टी कठीण नाहीत. विचारलं की लोक सांगतात, आणि नीट सांगतात.

रविवार मात्र विचारून समजत नाही.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मला फार एकटं वाटत होतं. आईनं येताना लहानसा लोखंडी खलबत्ता दिला होता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि लसणाची चटणी कुटायला घेतली. लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ. खोबरं आमच्याच दुकानातलं. पहिल्या दोन-तीन घावांत खोबऱ्याचा तो तेलकट गोड वास वर आला, मग लसूण ठेचला गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं, आणि मी जोरजोरात कुटत राहिले. बत्त्याचा आवाज ऐकून मला बरं वाटत होतं. दहा मिनिटं झाली असतील. दारावर टकटक झाली.

खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. वय ऐंशीच्या आसपास, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात राखाडी स्वेटर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या बत्त्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हॉयटे इस्ट झोनटाग."

आज रविवार आहे.

एवढंच बोलून त्या खाली गेल्या. मी दार लावलं आणि तिथंच बसले. आई जे वाक्य बोलते तेच वाक्य, शब्दाला शब्द. आईचं वाक्य ऐकून मी तेवीस वर्षं उठले होते आणि कामाला लागले होते. आजींच्या वाक्याचा अर्थ होता, हात थांबव. मला त्या दिवशी खूप रडू आलं, आणि ते ओरडा खाल्ल्याचं रडू नव्हतं, कारण त्या ओरडल्याच नव्हत्या. आपल्या घरातलं सगळ्यांत ओळखीचं वाक्य इथं उलटं चालतं, हे अंगावर आलं.

हिल्डेसहाइमच्या मुलीनं संध्याकाळी मला समजावलं. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा पिंपात टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटल्याचा आवाज होतो. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. ती म्हणाली, खाली जा, माफी माग, एवढंच पुरेसं आहे. मी चटणी एका छोट्या बरणीत भरली आणि घेऊन गेले. आजींनी दार उघडलं, माझं पाठ केलेलं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं, बरणी घेतली, आभार मानले आणि दार लावलं. मला वाटलं, राग गेला नाही.

दोन आठवड्यांनी बरणी आमच्या दाराबाहेर ठेवलेली होती. धुतलेली, आणि आत आलुबुखाराचा घट्ट मुरंबा. वर चिठ्ठी: तुमची चटणी मी थोडी थोडी चीजबरोबर खाते. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिथंही आहे, हे मला त्या बरणीमुळे समजलं.

तेवढ्यात दिवाळी आली. त्याआधीच्या रविवारी, २७ ऑक्टोबरला, पहाटे तीनचे दोन झाले. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं करतात. आदल्या दिवसापर्यंत घर माझ्यापासून साडेतीन तास लांब होतं, त्या दिवसापासून साडेचार. संध्याकाळी पाचलाच अंधारून यायला लागलं. नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती आणि ग्योटिंगन ज्या लोअर सॅक्सनी राज्यात आहे तिथं नेमकी त्या दिवशी धर्मसुधारणा दिनाची सरकारी सुट्टी असते. म्हणजे पुन्हा दुकानं बंद, पुन्हा शांतता. मी साडेसहाला उटणं लावून अंघोळ केली. बाहेर मिट्ट काळोख. सूर्योदयाच्या आधी पहिली अंघोळ करायला जेजुरीत किती धडपड करावी लागते, आणि इथं सूर्य सात वाजून गेल्यावर उगवला. सगळं झाल्यावर मी पाऊण तास खिडकीशी बसून त्याची वाट पाहिली.

भाऊबीज रविवारी होती. दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडे रात्री आठला, भावाला फोन लावला. दिवाळीतला रविवार, दुकानात तोबा गर्दी. तो पाच मिनिटांसाठी मागच्या गोदामात आला, पोत्यावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला. मी फोन टेबलावर टेकवून उभा केला आणि ताटातला दिवा स्क्रीनसमोरून ओवाळला. त्याच्या कपाळावर, नाकावर भंडारा होताच. तो म्हणाला, "टिळा तू लावलायस असं समजतो." मग पप्पांची हाक आली आणि तो गेला. स्क्रीन काळी झाली तेव्हा खोली इतकी शांत होती की दिव्याच्या वातीचा तडतड आवाज येत होता.

नोव्हेंबर हा तिथला सगळ्यांत कठीण महिना. थंडीशी जुळवून घेता येतं, कपडे असतात. ढग हटत नाहीत, हा खरा त्रास. मी एका रविवारी दिवसभर अंथरुणातून उठले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या वेळी कोलंबियाच्या मुलानं दार वाजवलं आणि म्हणाला, चल, चालून येऊ. तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायचा, रविवारी संध्याकाळी त्याची पाळी असायची. सगळ्यांना सुट्टी असते असं नाही, हे मला त्याच्याकडे पाहून कळलं. परिचारिका, रेल्वेवाले, बसचालक, भांडी घासणारे कामावरच असतात.

ग्योटिंगनच्या जुन्या गावाभोवती मातीचा उंच तट आहे. आता त्यावरून पायवाट जाते, बाजूला लिंडनची झाडं. रविवारी अख्खं गाव त्या तटावर असतं. म्हातारे जोडपे, बाबागाडी ढकलणारे बाप, कुत्रे. कुणी काही विकत नाही, कुणी काही विकत घेत नाही. नुसतं चालतात. जर्मनमध्ये याला श्पात्सियरगांग असा शब्द आहे. मला आधी ते विचित्र वाटलं, कारण जेजुरीत रविवारी चालणारा माणूस गडावर चाललेला असतो. त्याला जायचं ठिकाण असतं. इथं लोक गोल फिरून निघाले तिथंच परत येत होते. पण चार-पाच फेऱ्यांनंतर मला ते समजायला लागलं. प्रदक्षिणाच होती ती.

नोव्हेंबरच्या शेवटी, अॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीच्या रविवारी, तिथले प्रॉटेस्टंट लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात. त्या सकाळी मी जिन्यात आजींना पाहिलं. एका हातात फरच्या झाडाच्या फांद्यांचा भारा, दुसऱ्या हातात पिशवी. मी पिशवी मागितली. त्यांनी थोडा विचार केला आणि दिली. आम्ही बसनं स्मशानभूमीत गेलो. त्यांच्या यजमानांची कबर होती, त्यावर हिवाळ्यासाठी फांद्या अंथरायच्या होत्या. त्या गुडघ्यावर बसल्या, आधी जुनी पानं बोटांनी वेचून काढली, एकेक. मग फांदी ठेवायची, तिच्या खालचा भाग दुसऱ्या फांदीनं झाकायचा, कौलं शाकारतात तसं. मी फांद्या हातात देत गेले. सगळी माती झाकली गेल्यावर त्यांनी लाल काचेतला दिवा लावला आणि झाकण बसवलं. तासभर आम्ही दोन वाक्यंही बोललो नसू. परतताना त्या म्हणाल्या, ते सुतार होते, आठवडाभर करवतीचा आवाज, रविवारी मात्र घर शांत असायचं, मला तेव्हापासून सवय आहे.

मी त्यांना तेव्हा सांगितलं की आमचं घर रविवारी कसं असतं. त्यांनी 'भंडारा' शब्द दोनदा म्हणून पाहिला.

आता चंपाषष्ठीबद्दल लिहिते, कारण त्या दिवशी मी तिथं पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

चंपाषष्ठी ७ डिसेंबरला होती, शनिवारी. आमच्या घरी चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खायला लागतात. मीही तिथं पाळलं होतं. सकाळी तुर्की दुकानातून दोन मोठी वांगी आणि कांद्याची पात आणली, बाजरीचं पीठ भारतीय किराण्यातून आधीच आणून ठेवलं होतं. शेगडी म्हणजे काळ्या काचेची सपाट पट्टी, खाली वीज. जाळ नाही. वांगं कशावर भाजणार? शेवटी सुरीनं टोचे मारून, तेल चोळून भट्टीत ठेवलं, २२० अंशांवर. पाऊण तासानं साल सुरकुतली, वांगं मऊ पडलं, पण काळं झालं नाही. साल सोलताना हाताला ती राख लागते, बोटं काळी होतात, ते काही झालं नाही. धुराचा वास नव्हता. मी लसूण-मिरची जास्त घातली, पात बारीक चिरून घातली, कच्चं तेल सोडलं. रोडगे थापले जाडसर आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजले. गरम पाण्यात पीठ मळताना बाजरीचा वास आला आणि मला आजीची चूल दिसली. पहिला रोडगा मधोमध चिरला. दुसरा चांगला झाला.

तळी भरायला पाच माणसं लागतात. ताम्हणाऐवजी माझ्याकडे स्टीलचं ताट होतं. त्यात खोबऱ्याचे तुकडे, सुपारी, पाच नाणी आणि घरून आणलेल्या डबीतला भंडारा. विड्याची पानं नव्हती. वे-गेतले आम्ही चौघं. हिल्डेसहाइमच्या मुलीला मी सांगितलं, अजून एक माणूस हवं. ती म्हणाली, "खाली विचारलंस का?"

मी खाली गेले. सांगितलं की आमच्या देवाचा दिवस आहे, पाच जणांनी मिळून एक ताट उचलायचं आणि मोठ्यानं एक वाक्य म्हणायचं, तीनदा. मोठ्यानं, हेही सांगितलं. आजींनी घड्याळात पाहिलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. "हॉयटे इस्ट झामस्टाग," त्या म्हणाल्या. आज शनिवार आहे. आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं.

मी सगळ्यांना वाक्य शिकवलं. जॉर्जियाच्या मुलीला 'ळ' पहिल्याच फटक्यात आला, बाकीच्यांना शेवटपर्यंत नाही. पाच जणांनी ताटाला हात लावला, उचललं, "येळकोट येळकोट जय मल्हार", खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी आवाज खरंच मोठा झाला. मी भंडारा थोडासाच उधळला, तरी तो पांढऱ्या टेबलावर पडला आणि त्याचा एक पिवळा डाग शेवटपर्यंत राहिला. आजींनी भरीत खाल्लं. रोडगा त्यांना चावला नाही, म्हणून मी तो दुधात कुस्करून दिला, आमच्या आजीला देतात तसा.

दुसऱ्या दिवशी अॅडव्हेंटचा दुसरा रविवार होता. त्यांच्याकडे फरच्या फांद्यांचं गोल कडं टेबलावर ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची. दुपारी चारला आजींनी मला बोलावलं. बाहेर अंधार पडायला लागला होता, दोन मेणबत्त्या लागल्या होत्या, कॉफी आणि केक होता. आम्ही फार बोललो नाही. पण ती शांतता मला पहिल्यांदा रिकामी वाटली नाही.

जानेवारीत मला सेमिनारमध्ये मांडणी करायची होती. विषय होता कामाचे तास. मी रविवार घेतला. जर्मनीत रविवार नुसत्या दुकानांच्या कायद्यानं बंद नाही, तो राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेच्या १३९व्या कलमात रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला आणि १९४९च्या घटनेनं १४०व्या कलमानं ते जसंच्या तसं उचललं. बर्लिननं अॅडव्हेंटच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली होती, ती जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयानं २००९ मध्ये अमान्य केली. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की ही लढाई माझ्या ओळखीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे! मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याला सुट्टी नव्हती. सत्यशोधक लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला त्या दिवशी सुट्टी हवी, असंही ते मांडत असत असं सांगतात.

मी हे वर्गात सांगितलं. ज्या देवाच्या वारासाठी गिरणीकामगाराला सुट्टी मिळाली, त्याच देवाच्या पायथ्याशी त्या दिवशी माझे वडील चौदा तास उभे असतात, हेही सांगितलं. महाराष्ट्रातल्या २०१७च्या कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, कायदा पूर्ण लागू असलेल्या मोठ्या दुकानात नोकराला मात्र आठवड्याला एक सुट्टी द्यावीच लागते. आमच्या दुकानात नोकर नाही. आई, पप्पा आणि भाऊ आहेत. घरच्या माणसाची सुट्टी कुठल्याच कायद्यात बसत नाही. बोलता बोलता माझा आवाज भरून आला. संपल्यावर सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाक वाजवले. टाळ्यांऐवजी तिथं तसं करतात.

त्याच काळात ग्रंथालयात मला गुंथर सोन्थायमर यांचं लिखाण सापडलं. हायडेलबर्ग विद्यापीठातले हे जर्मन अभ्यासक धनगर आणि खंडोबा यांच्या मागे वर्षानुवर्षं महाराष्ट्रात हिंडले. १९९२ मध्ये ते गेले. ग्योटिंगनमध्ये बाहेर पाऊस पडत असताना, जर्मन माणसानं लिहिलेल्या पानांवर माझ्या गावाचं नाव वाचणं हे मी विसरणार नाही. ग्रंथालय रविवारी उघडं असतं, आणि आता रविवारी कुठं जायचं हा प्रश्न मला पडत नव्हता.

त्या रात्री मी पप्पांना विचारलं, "तुम्ही शेवटचं दुकान कधी बंद ठेवलंत?" ते आठवत राहिले. आजोबा गेले तेव्हा. त्यानंतर लॉकडाऊनमध्ये. मी म्हटलं, आठवड्यात अर्धा दिवस तरी ठेवा. ते म्हणाले, "देवाचा वार आहे बाळा, बंद कसं ठेवणार?" मी म्हटलं, रविवार नको. दुसरा वार बघा. माझी जिद्दच होती ती. पुढचे दोन महिने मी दर फोनला तेच बोलले. दोन वेळा ते चिडले. मी तरी सोडलं नाही, कारण मला आता ते दिसत होतं जे घरी असताना कधी दिसलं नव्हतं. पप्पांचे गुडघे मला दुकानात असताना दुखताना दिसले नव्हते.

माझा तिथला शेवटचा रविवार ३० मार्च. त्या दिवशी घड्याळं एक तास पुढं गेली, म्हणजे घर पुन्हा साडेतीन तासांवर आलं, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. पडद्याच्या दांडीला माझी हिरवी ओढणी बांधली, वर स्टीलचा पेला पालथा घातला आणि बाल्कनीत गुढी उभी केली. कडुनिंब नव्हता, साखरेच्या गाठी नव्हत्या. आजी खालून मान वर करून पाहत होत्या. मी त्यांना हात केला आणि काही बोलले नाही. रविवार होता. त्यांनीही हात केला.

खलबत्ता मी त्यांना देऊन आले. त्यांनी मागितला होता.

हे लिहितेय जेजुरीतून. आज गुरुवार आहे. पप्पांनी मे महिन्यापासून बुधवारी दुपारी दोन ते सहा दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. पहिल्या बुधवारी ते बंद शटरसमोरच्या पायरीवर बसून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आहे, आहे, सहाला उघडतोय." दुसऱ्या बुधवारी तराजू घरी आणून चिंचेनं घासला. तिसऱ्या बुधवारी झोपले. काल ते आणि आई कडेपठारावर, डोंगरावरच्या खंडोबाच्या जुन्या देवळात, जाऊन आले, दोघंच. आईला वर जाऊन चौदा वर्षं झाली होती. रात्री पाय दाबताना मी विचारलं, कसं वाटलं? आई म्हणाली, "पायऱ्या वाढल्यात गं."